बाथरूम तोडायचं काम, फोटो बघूनच रेट दिला
ठाण्यातल्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम तोडायला या लोकल टीमला काम दिलं आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे रेट सांगायच्या आधी यांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागितले, तेही नुसते टाइल्सचे नाही, चारही कोपऱ्यांतून पूर्ण खोली, दाराच्या चौकटीपाशी टेप धरून भिंतीची जाडी (४ इंची की ९ इंची ते तिथेच कळतं), मेन व्हॉल्व्ह, गिझरचा पॉइंट, बीम-कॉलम. लिफ्ट आणि जिन्याचा फोटो पण नक्की पाठवा, राडारोड्याच्या गोण्या खाली न्यायची मजुरी त्यावरच ठरते!! शेजारच्या खोलीतली जुनी ओल आधीच फोटोत असली की नंतर वाद नाही. कोटेशन शेवटपर्यंत तेच राहिलं. धूळ मात्र भयंकर, बेडरूमच्या दाराला प्लास्टिक लावून घ्या.