५ लिटरचे ओटमील स्टाउट किट: माल चोख, पत्रक परमुलखाचे

ओटमील स्टाउट म्हणजे ओट्स घातलेली, भाजक्या चवीची काळी बिअर, आणि हे ती घरी बनवायचे किट. आधी खोक्यात काय निघते ते पाहू. १ किलो फिकट बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), १५० ग्रॅम ओट्स, ८० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, ५० ग्रॅम चॉकलेट माल्ट (चॉकलेटी रंगावर भाजलेले), ७० ग्रॅम भाजकी बार्ली, १२ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडवटपणा देणारी फुले), ११.५ ग्रॅम एस-०४ जातीचे यीस्ट, कापडी पिशवी, एअरलॉक (वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणारी झडप), थर्मामीटर आणि कृतीचे पत्रक. प्रमाण विचारपूर्वक बसवलेले आहे. ओट्स एकूण धान्याच्या ११ टक्के, त्यामुळे घोट सायीसारखा मऊ लागतो. भाजकी बार्ली ५ टक्के, म्हणजे कडक कॉफीची धार येते पण राख चघळल्यासारखे वाटत नाही. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर मात्र दिलेला नाही, आणि ही काटकसर बाटल्या भरताना अंगाशी येते.

पत्रकात कायद्याचा शब्दही नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. किट घरपोच आले म्हणून परवानगीही आली असे होत नाही. पुढचे सगळे परवाना असलेल्यांसाठी, किंवा जिथे घरगुती बिअरला मुभा आहे तिथे राहणाऱ्या खान्देशी मंडळींसाठी.

माल्ट अख्खे किंवा भरडलेले असे दोन प्रकारांत मिळते. भरडलेलेच घ्या. अख्खे घेऊन गल्लीतल्या गिरणीवर नेले की हमखास पीठ होऊन येते. दाणा फुटावा पण टरफल शाबूत राहावे, असा भरडा लागतो. टरफलाचे पीठ झाले की पाणी झिरपायला वाट उरत नाही. त्यात ओट्सचा चिकटपणा मिसळला की पिशवीत लापशी होते. पिळून काढायला जावे तर तुरटपणा उतरतो.

ओट्सच्या पुडीत कापलेले जाड दाणे आहेत आणि ते तसेच घाला म्हणून पत्रक सांगते. हे चूक आहे. जाड दाण्यातला स्टार्च आधी शिजल्याशिवाय माल्टच्या विकरांना (एन्झाइमना) सापडत नाही. म्हणून २०-२५ मिनिटे पाण्यात शिजवून घ्या, नाहीतर किराणा दुकानातले साधे चपटे ओट्स वापरा, ते वाफवूनच चपटे केलेले असतात. (मसाला ओट्स नकोत. हे सांगावे लागते.)

मॅशसाठी, म्हणजे धान्य गरम पाण्यात ठेवून साखर उतरवण्यासाठी, पत्रकातला आकडा ७४ अंशांच्या पाण्याचा आहे, ४ लिटर. हा हिशेब २० अंशांच्या धान्याचा. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता घरातले धान्यच ३०-३५ अंशांवर असते आणि मॅश ६९ च्या वर जाते. मग साखर कमी आंबते, बिअर गुळमट राहते. सगळे ८ लिटर पाणी एकदम घ्या, ७० अंशांवर धान्य सोडा, ६७ वर स्थिरावते. पातेले गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. नंतर पिशवी उचलून निथळू द्या, हॉप्स टाकून ६० मिनिटे उकळा. शेवटी ५ लिटर उरते, घनता (पाण्याची १ धरून) १.०५५ च्या आसपास.

पाण्याची चिंता इथे उलट कमीच. बेसाल्ट खडकातले बोअरचे जड पाणी फिकट बिअर बिघडवते, पण भाजक्या धान्याची आंबट बाजू ते सावरून घेते. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी रात्रभर उघडे ठेवा, नाहीतर औषधी वास येतो.

खरी अडचण उष्णतेची, आणि तिच्यावर पत्रकात एकच ओळ: 'सामान्य तापमानाला ठेवा.' जळगावात मे महिन्यात सामान्य म्हणजे ४४! या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. पंचविशीच्या पुढे गेले की आयसोअमाइल अ‍ॅसिटेट वाढते, तोच केळ्याचा वास. रावेर-यावलचा माल म्हणून केळ्याचे कौतुक वेगळे, स्टाउटच्या पेल्यात ते नको. शिवाय आंबताना आतला द्रव खोलीपेक्षा २-४ अंश जास्त तापतो. ओले गोणपाट आणि कूलरचा वारा कोरड्या हवेत चांगला उतार देतात, पण मार्चनंतर तेवढ्याने भागत नाही. थर्मोकोलच्या पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या २ बाटल्या, दर १२ तासांनी बदलून, हा उपाय टिकतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा उलट गोधडी घालावी लागते, नाहीतर यीस्ट निजते.

उकळलेला रस थंड करतानाही तेच. गच्चीवरच्या टाकीचे पाणी उन्हाळ्यात स्वतःच कोमट. बर्फाच्या लादीशिवाय २० वर येत नाही आणि तोवर जंतूंना मोकळे रान मिळते. यीस्टचे अर्धे पाकीट पुरे.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे झाले, असे पत्रक म्हणते. बुडबुडे झाकण सैल असले तरी थांबतात. हायड्रोमीटर वेगळा घ्या. घनता १.०१५ च्या आसपास येऊन ३ दिवस तोच आकडा दिसला तरच बाटल्या भरा. फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर, जास्त नाही. अर्धवट आंबलेली बिअर साखरेसह काचेत कोंडली आणि खोली ३८ अंशांची असली, तर बाटली फुटते आणि काचा भिंतीत रुततात. सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या बऱ्या, दाबून आतला जोर कळतो.

५ पैकी ३. पूर्ण २ गुण पत्रकाने घालवले. उरलेला चोथा त्याच दिवशी म्हशीला घालता येतो, उद्यावर ठेवला की आंबतो. मागवायचे तर दिवाळी उरकल्यावर मागवा. एप्रिलात कुरिअरच्या तापलेल्या गाडीतून ४ दिवस फिरून आलेले यीस्ट उठेलच याची खात्री नसते, आणि हॉप्सना चीजसारखा वास लागलेला असतो.