नवाहो माजी सैनिकाचं घर: कर्ज की भाड्याची मदत?

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या गॅलपला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा सहकारी नवाहो या तिथल्या मूलनिवासी जमातीचा आहे, माजी सैनिक. सध्या बहिणीच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतो, पिंपं भरून पाणी आणतो. त्याच्यापुढे दोन सरकारी योजना आहेत, म्हणून भाच्याने मला विचारलं.

पहिली, अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं मूलनिवासींसाठीचं थेट कर्ज, १९९२ पासूनचं. जमातींसाठी आरक्षित जमीन बहुतेक संघराज्य सरकारच्या ताब्यात विश्वस्त म्हणून असते, ती सहज गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे बऱ्याच बँका दारातूनच परत पाठवतात. इथे खातंच कर्ज देतं, बहुधा डाउन पेमेंटशिवाय आणि ठरलेल्या व्याजाने. पण हप्ता फेडण्याइतकं उत्पन्न हवं. शिवाय जागेचा भाडेपट्टा हवा, आणि खरा वेळ तिथेच जातो: चराईचा हक्क असलेल्यांची संमती, मोजणी, पुरातत्त्व तपासणी. पाणी आणि विजेची लाइन दूर असेल तर तो खर्च वेगळाच. मला हे फार अन्यायाचं वाटतं. देशासाठी लढलेल्या माणसाने आपल्याच माळावर घर बांधायला इतके कागद का गोळा करावेत?

दुसरी, आदिवासी जमातींमार्फत मिळणारी भाड्याची मदत. ती बेघर किंवा बेघर होण्याच्या बेतात असलेल्यांसाठी आहे. घर मालकीचं होत नाही, आणि ती मोजक्याच लोकांना मिळते. पण सोबत केस मॅनेजर असतो. उपचार, व्यसनमुक्ती, कागदपत्रं यांत तो मदत करतो.

नियमित पगार आणि भाडेपट्टा हाताशी असेल तर कर्ज घ्यावं. आज रात्री कुठे झोपायचं हाच प्रश्न असेल, तर आधी भाड्याची मदत मागावी.