जुन्या मॅसी १०३५ ला थर्मोस्टॅट परत बसवला, पावसाळा-उन्हाळा दोन्ही काढल्यावरचा अनुभव

गोराईला आमची थोडी भातशेती आणि भाजी आहे. ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन, सेकंडहँड घेतलेला. आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी पुरेसं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व, काढूनच टाकला होता, इकडे बरेच जण तेच करतात, म्हणतात मुंबईत कसली थंडी, काढला की इंजिन गार राहतं. अहो पण बाहेर ३५ डिग्री असले म्हणून काय झालं, इंजिनातल्या पाण्याला ८० च्या आसपास लागतात!

थर्मोस्टॅट नव्हता तेव्हा पाण्याच्या तापमानाचा काटा मधे कधी यायचाच नाही, रिकामी ट्रॉली ओढताना तर तळालाच. सकाळी कितीतरी वेळ पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा डोळे चुरचुरवणारा वास, आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं, सिलिंडर गार राहिला की ते अर्धवट जळतं आणि उरलेलं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, मग ऑइल पातळ होतं आणि लायनर-रिंगा घासतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं भोकही बंद करतो, तिथे तो काढला तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं, म्हणजे लोड आला की उलट जास्त तापायची भीती.

मी ८२ डिग्रीचा घेतला. बसवायच्या आधी टेस्ट करा, हे कळकळीने सांगतो. वॉल्वच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्याच्या टोपात लटकवायचा, शेजारी थर्मामीटर, पाणी तापलं की आतलं मेण वितळून फुगतं, वॉल्व उघडतो आणि दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. दुकानातून आणलेला पहिला पीस पाणी खळखळ उकळलं तरी उघडला नाही, तो परत दिला. दुसरा ८२ लाच सुटला.

बसवणं सोपं आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाणी काढा, हाउसिंगचे (थर्मोस्टॅटवरच्या झाकणाचे) बोल्ट सोडा, जुनं गॅस्केट खरवडून दोन्ही तोंडं साफ करा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि छोटी हलणारी पिन असेल तर ती वर, पाणी भरताना हवा तिथूनच निघते. बोल्ट आलटून पालटून, बेताने आवळा, हाउसिंगला चीर गेली की खर्च वाढला.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते रेडिएटरमध्ये आता अजिबात नाही, अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर.

तेव्हापासून काटा मधे येतो आणि तिथेच थांबतो. पांढरा धूर गरम होईपर्यंतच, झाकणाखालची साय गेली, डिपस्टिकला डिझेलचा वास नाही. जुलैत केजव्हील (चिखलात चालणारी लोखंडी चाकं) लावून चिखलणी केली तेव्हा काटा मधल्याच्या थोडा वर गेला, पण पुढे नाही. मे महिन्यातही भरल्या ट्रॉलीला तेच. डिझेल किती वाचलं ते मोजलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

थर्मोस्टॅट घातल्यावर तुमचा ट्रॅक्टर तापायला लागला तर लगेच त्याला दोष देऊन काढू नका, आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पेंढा बघा, फॅन बेल्ट ढिला आहे का बघा, रेडिएटरच्या कॅपचं रबर बघा.