टाउपो की तुरांगी? ट्राउटसाठी मुक्काम कुठे करावा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर ट्राउट माशाच्या मासेमारीसाठी चार दिवस काढायचे ठरले की प्रश्न शेवटी या दोन गावांवर येऊन थांबतो. सरोवर एकच, टाउपो. त्याच्या उत्तरेकडच्या काठावर त्याच नावाचं गाव, दक्षिण टोकाला तुरांगी, आणि मधे पाण्याला धरून जाणारा पन्नासेक किलोमीटरचा हायवे. मासेमारीचा परवानाही दोन्हीकडे एकच लागतो. तो मात्र टाउपो विभागाचा असावा. बाकी देशात चालणारा फिश अँड गेम या संस्थेचा परवाना इथे चालत नाही, इथला परवाना डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन हे सरकारी खातं देतं. उत्तरेकडच्या रोटोरुआ शहरात दोन दिवस काढून मग खाली येणार असाल तर हे आधीच पाहून घ्या.

आणि मासाही एकच. जो रेनबो ट्राउट सरोवरात स्मेल्ट नावाच्या छोट्या माशांवर पोसून गुबगुबीत होतो, तोच हिवाळ्यात (इथे तो जून ते सप्टेंबरचा) अंडी घालायला टोंगारीरो नदीत चढतो. टोंगारीरो तुरांगीला लागूनच वाहते. म्हणजे निवड गावाची वाटली तरी खरी निवड ही, की हा मासा तुम्हाला सरोवरात भेटायला हवा की नदीत.

गाव म्हणून टाउपो उजवं आहे, यात वाद नाही. राहायला भरपूर जागा, संध्याकाळी फिरायला काठ, समोर स्वच्छ हवेत दक्षिणेकडे रुआपेहू डोंगरावरचा बर्फ. बरोबरच्या ज्या माणसाला माशांत अजिबात रस नाही, त्याचाही दिवस छान जातो. तुरांगी 1960 च्या दशकात जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी वाढवलेली वसाहत, आणि ती तशीच दिसते: सरळ रस्ते, बैठी घरं, दुकानांचा एक चौक. रात्री आठनंतर करण्यासारखं काही नाही. तोकानूची गरम पाण्याची कुंडं जवळ आहेत, आणि दिवसभर नदीत उभं राहिल्यावर त्यांची किंमत कळते.

आता पाण्याकडे.

टाउपोत मासेमारी म्हणजे मुख्यतः बोट. गावाच्या दक्षिणेला वायटाहानुई नदीचं मुख आहे, तिथे लोक रांगेत उभे राहून फ्लाय, म्हणजे पिसं-धाग्याचा खोटा किडा बांधलेला गळ, टाकतात, ती रांग प्रसिद्धच आहे. पण बहुतेक पाहुणे बोट ठरवतात, आणि नवख्यासाठी ते योग्यच आहे. स्किपरला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, मासे कुठे आहेत ते माहीत असतं, सामान त्याचं, तुम्ही फक्त वेळेवर हजर व्हायचं. मासा मिळायची शक्यताही माझ्या अनुभवात नदीपेक्षा जास्त.

माझं मन तिथे रमलं नाही, त्याचं कारण लीड लाइन. उन्हाळा वाढला की सरोवराच्या पाण्याचे थर पडतात. वर कोमट, खाली गार. ट्राउट गार पाण्याचा मासा, तो खाली जाऊन बसतो, आणि त्याच्यापर्यंत गळ पोचवायला साधी दोरी पुरत नाही. मग शिशाचा गाभा असलेली जड लाइन सोडतात. दर दहा यार्डांवर तिचा रंग बदलतो, त्यामुळे स्किपर खोली मोजत नाही, रंग मोजतो: आज सात रंग सोडा, काल आठ होते. बोट संथ चालत राहते, रॉड टोकाशी वाकून थरथरत असतो, इंजिनाची घरघर कानात बसते. आणि मग मासा लागतो. लागतो म्हणजे, रॉडचं टोक जरा जास्त वाकतं. तेवढ्या शिशाच्या पलीकडे तो काय करतोय, डोकं झटकतोय की वळून पळतोय, हातापर्यंत फारसं काही येत नाही. एकामागून एक रंग गुंडाळत राहायचं. बोटीजवळ पोचेपर्यंत तो दमलेला असतो आणि जाळीत निमूट येतो.

सुंदर मासा, जड मासा, चंदेरी. पण रेनबोसाठी एवढ्या लांब येऊन त्याची पहिली धाव हाताला कळू नये, याची रुखरुख मला बोटीवर प्रत्येक वेळी लागली. न्यायाने सांगायचं तर यावर उपाय आहेत. डाउनरिगर नावाच्या साधनात वजन वेगळ्या तारेवर असतं, मासा लागला की तुमची दोरी क्लिपमधून सुटते आणि हातात हलका रॉडच उरतो. जिगिंगमध्ये तर बोट थांबवून गळ सरळ खाली सोडायचा, तेही मजेचं. तेव्हा बोट ठरवताना आधी हेच विचारा, की लाइन कोणती वापरणार. माझ्या वाट्याला बहुतेकदा लीड लाइनच आली. कदाचित तुमचं नशीब बरं असेल.

टोंगारीरोत तोच मासा वेगळाच वाटतो. नदीवर फक्त फ्लाय चालते. गुडघा-मांडीभर पाण्यात उभं राहून जड निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) डोहाच्या वरच्या तोंडाशी टाकायची, लोकरीचा पांढरा ठिपका पाण्यावर वाहत खाली येताना बघायचा. तो ठिपका क्षणभर अडखळतो. बहुतेक वेळा दगड असतो. कधी दगड नसतो, आणि मग रील किंचाळायला लागतं, मासा पाण्याबाहेर उडी घेतो, पुढच्या डोहाकडे निघतो, आणि तुम्ही त्याच्यामागे दगडांवरून धडपडत जाता. मधे शिसं नाही, इंजिन नाही.

नदीची कटकट कमी नाही, हेही सांगायला हवं. पाऊस झाला की पाणी चढतं, गढूळ होतं, आणि एखादा दिवस नुसतं बघत बसावं लागतं. पण तोच पाऊस सरोवरातले मासे नदीत वर आणतो. पाणी उतरून हिरवट निवळायला लागलं की त्या दिवशी काहीही झालं तरी नदीवर असावं. गोटे निसरडे आहेत, हातात काठी हवीच. बुटांना फेल्टचे तळवे लावता येत नाहीत, डिडिमो नावाचं शेवाळ पसरू नये म्हणून न्यूझीलंडने 2008 पासून ते बंद केले. रबरी तळवा, शक्यतो खिळ्यांचा, घेऊन जा. हिवाळ्यात नदीचा वरचा भाग अंडी घालणाऱ्या माशांसाठी बंद असतो, हद्द कुठे आहे ते नियमपत्रिकेत पाहून घ्या.

गर्दीची तक्रार लोक करतात. जुलै-ऑगस्टमध्ये मेजर जोन्स नावाच्या किंवा पुलाजवळच्या डोहावर पहाटेपासून माणसं उभी असतात, हे खरं. पण काठाने वाट आहे. ही जमीन न्गाती तुवारेतोआ या माओरी जमातीची, आणि 1926 च्या कायद्याने परवानाधारकांना काठावरून जायची मुभा मिळाली, म्हणून एक डोह भरलेला दिसला की पुढच्याकडे चालू पडता येतं. आधी उभ्या असलेल्या माणसाला विचारून पाण्यात उतरलं की कुणी नाराज होत नाही, उलट आज कुठली निंफ चालतेय तेही बहुतेकदा सांगतो. बोटीवर हा हात हलवण्याचा, जागा बदलण्याचा, चुकून शिकण्याचा भाग स्किपरकडे असतो. काहींना तेच हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही.

तर लहान मुलं बरोबर असतील, रॉड पहिल्यांदाच हातात घेणार असाल, किंवा तारीख जानेवारी-फेब्रुवारीची, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातली, असेल, तर टाउपोत राहा. त्या दिवसांतही तुरांगीला ब्राउन ट्राउट ही दुसरी जात सिकाडा किड्यासारख्या, पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायवर येते, पण ते काम नजर बसलेल्या माणसाचं. जून ते सप्टेंबरमधली तारीख जमत असेल आणि गारठ्याची तयारी असेल, तर माझं मत तुरांगीकडे झुकतं. पहिला दिवस वाटाड्या घ्या, तो निंफचं वजन आणि दोरीची लांबी हाताला धरून शिकवतो. चारपैकी एक दिवस पावसासाठी मोकळा धरा. नदी अगदीच गढूळली तर त्या दिवशी टाउपोला जाऊन बोट घेता येते, फक्त जिगिंग करणारी बघा.