दीवमध्ये निवांत किनारा: गोमतीमाता की घोघल्याचं पूर्वेकडचं टोक?

दिवाळीच्या सुट्टीत दीवला गेलं की अर्धं बडोदं तिथेच भेटतं. एकदा नागोआच्या वाळूत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी समोर आले, बर्म्युडा घातलेले, हातात ग्लास. आम्ही दोघांनीही एकमेकांना पाहिलंच नाही असं ठरवलं. तेव्हापासून मी दीवमधला माणसं नसलेला किनारा शोधतोय. चार खेपा झाल्या, आणि आता माझ्यापुरतं उत्तर दोन जागांवर आलंय.

नागोआ आधीच बाद. किनारा सुंदर आहे, पण घोड्याच्या नालेसारखा वाकलेला आणि आखूड, त्यामुळे गर्दीपासून पळायला जागाच नाही. तिथली होक्याची झाडं तेवढी बघून घ्या. ताडासारखी, पण फांद्या फुटलेली, इतर ठिकाणी सहसा दिसत नाहीत. जालंधर आणि चक्रतीर्थ गावाला लागूनच आहेत. ९ डिसेंबर १९७१ ला बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेच्या स्मारकाला सकाळी जरूर जा. संध्याकाळी मात्र तिथे आलेली सगळी माणसं सूर्यास्ताला तिथेच रेंगाळतात.

म्हणजे उरले दोन. गोमतीमाता हा बेटाच्या पार पश्चिमेला, वणाकबाऱ्याच्या बाजूला. घोघला म्हणाल तर बेटावर नाहीच. पूल ओलांडून मुख्य भूमीवर यावं लागतं, पण आपण सगळे त्याला दीवच म्हणतो.

आधी गोमतीमाता. भाड्याची ॲक्टिव्हा घेऊन निघालो, वाटेत वणाकबाऱ्याच्या धक्क्यावर होड्या बघितल्या. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकातून जातो न जातो तोच समोर पांढरी वाळू आली. डिसेंबरातली दुपार होती आणि अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही तिघं. लाटांखेरीज आवाज नाही. बायको म्हणाली, “हे बघायला लोक अंदमानला जातात.” आणि ते खोटं नव्हतं. सावली नाही, टपरी नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. पण निवांतपणा हवा म्हटल्यावर एवढं चालायचंच, लीला चिवड्याचा डबा बरोबर होताच.

मग लेकीच्या टाचेत काच गेली.

समुद्राने घासलेली काच ओळखू येते. दुधाळ होते, कडा गोल होतात, पोरं ती शिंपल्यांबरोबर गोळा करतात. ही तशी नव्हती. हिरवी, नखाएवढी, कडा अगदी ताज्या, वर बोटभर वाळू. बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, माझा रुमाल बांधला, तिला मधे बसवून ॲक्टिव्हावरून परत दीव. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टरांनी काय झालं हेसुद्धा विचारलं नाही, फक्त “कुठल्या बीचवर?” एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत गेलो, चिडून म्हणा हवं तर, आणि नीट बघितलं. जिथवर गाडी येते तिथवर काच होती. पुढे जवळपास नाहीच. मग डोक्यात प्रकाश पडला. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये मोकळीक. मोकळीक साजरी करायला येणाऱ्यांनाही निवांत जागाच हवी असते, जिथे कुणी हटकणार नाही आणि गाडीचं दार उघडलं की वाळू. म्हणजे तुम्ही जो किनारा शोधताय तोच ते शोधतायत, फक्त ते रात्री येतात. सुनसान किनाऱ्याचा हा हिशोब कुणी सांगत नाही.

आता घोघला. २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय निळा झेंडा, मिळालेल्या देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांतला हा एक. झेंड्याजवळचा भाग त्यामुळे चकाचक, स्वच्छतागृहं आहेत, आमच्या आईसारख्या गुडघेदुखीवाल्यांना बसायला जागा आहे. आणि गर्दीही तिथेच. पॅरासेलिंगवाले, फोटोवाले, भुट्टा, सगळं. निवांतपणासाठी आलेला माणूस पाच मिनिटांत मागे फिरेल. मीही पहिल्या दोन खेपांना फिरलोच होतो.

पण घोघला लांब आहे. किती, ते मोजलं नाही. झेंड्याकडे पाठ करून पूर्वेला चालत सुटलात की पाच मिनिटांत गाणी बारीक होतात, दहा मिनिटांत माणसं संपतात, वीस मिनिटांनी फक्त खेकड्यांची बिळं. त्यांच्याभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी, पाऊल टाकायला जिवावर येतं. हा किनारा पुढे अहमदपूर मांडवीला लागतो, म्हणजे चालता चालता तुम्ही गुजरातेत शिरता. वाळूत काही पाटी दिसत नाही, पण बाटली घेऊन गुजरातच्या दिशेने पायी कोण जाईल? शिवाय गाडी तिथवर येत नाही. लेक तिथे तासभर अनवाणी पळाली. मी सुरुवातीला तिच्या पुढे पुढे वाळू चाळत होतो, मग सोडून दिलं.

त्रास इथेही आहेत. जाताना गंमत वाटते, पण परतीची वीस मिनिटं भरतीच्या वेळी मऊ वाळूत चालायची म्हणजे पोटऱ्या बोलतात. ओहोटी बघून निघा, ओली वाळू टणक असते. टोकाला काहीच मिळत नाही, पाणी बरोबर हवं. आईला तिथवर नेता आलं नाही, ती झेंड्याजवळच बसली आणि तिथे तिला दांडिया बाजारातल्या जुन्या शेजारीण भेटल्या. तिच्या मते घोघला उत्तम. आणि सूर्यास्ताच्या बाबतीत तुलनाच नाही. गोमतीमातेला सूर्य उघड्या समुद्रात बुडतो, घोघल्याहून तो दीवच्या बाजूला कुठेतरी मावळतो.

एकटे असाल, जोडीने असाल, पायात बूट ठेवायची तयारी असेल, तर गोमतीमाता वाईट नाही. कदाचित आमचाच दिवस वाईट होता, आता साफसफाई होतही असेल. पण बरोबर पोरं असतील आणि त्यांनी अनवाणी पळावं असं वाटत असेल, तर मी तरी पुलापलीकडे राहीन. कुठेही जा, दिवाळी ते लाभपंचम आणि ३१ डिसेंबर सोडून जा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा विचारही करू नका.

यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची स्लीपर कोच काढली आहे. मुक्काम घोघल्याला. बायकोने सूर्यास्तासाठी गोमतीमातेची एक संध्याकाळ मागून घेतली आहे, आणि लेकीला तेवढ्यासाठी कॅनव्हासचे बूट घेतलेत.