कीकॅडचे शॉर्टकट आणि बारा बटणांचं मॅक्रोपॅड: आठ महिन्यांनंतर

पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी सर्किट बोर्डांच्या लेआउटचं, म्हणजे बोर्डवरची मांडणी आणि जोडण्या काढायचं काम करतो. बहुतेक बोर्ड दोन आणि चार लेयरचे असतात: मोटर ड्रायव्हर, सेन्सर कार्ड, पॉवर सप्लाय. सॉफ्टवेअर कीकॅड (सर्किट बोर्ड काढायचं), मशीनवर लिनक्स. आठ महिन्यांपूर्वी कीबोर्डच्या डावीकडे बारा बटणांचं एक मॅक्रोपॅड, म्हणजे प्रत्येक बटणाला हवं ते काम देता येणारा छोटा जादा कीबोर्ड, ठेवलं आणि तेव्हापासून ते रोज वापरतोय. घ्यावं की नाही, असं बरेच जण विचारतात. आधी शॉर्टकटबद्दल सांगतो, कारण पॅड नसलं तरी अर्ध्याहून जास्त फायदा तिथेच आहे.

कीकॅडमध्ये की दाबली की काम कर्सरच्या जागेवरच सुरू होतं. ऐकायला साधं वाटतं, पण सगळी गंमत यातच आहे. समजा, 0.5 मिमी पिचच्या क्यूएफएनच्या (बारीक, दाट जोडण्यांच्या चिपच्या) एका पॅडवर, म्हणजे सोल्डर करायच्या जागेवर, कर्सर नेला. तिथेच डाव्या हाताने एक्स दाबलं की ट्रॅक, म्हणजे तांब्याची जोडणीची रेघ, त्या पॅडमधून निघतो. आयकॉनवर क्लिक करायला गेलात तर ती जागा सोडावी लागते, परत यावं लागतं आणि झूम करून तेच पॅड पुन्हा शोधावं लागतं. पहिली हॉटकी (शॉर्टकटची की) दाबल्यावर फक्त टूल निवडायचं, अशा अर्थाचा एक पर्याय प्रेफरन्सेसमध्ये आहे. तो बंद ठेवा, नाहीतर हा फायदा हातचा जातो.

ट्रॅक ओढताना आणखी चार की सतत लागतात. वाटेत कॅपॅसिटर आला की व्ही दाबायचं: कर्सरला व्हाया (दोन लेयर जोडणारं छिद्र) चिकटतो, क्लिक केलं की ट्रॅक दुसऱ्या लेयरवर पुढे चालू. वळण नको त्या बाजूला पडत असेल तर तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबली की ते दुसऱ्या बाजूने पडतं. शेवटचा तुकडा चुकला तर बॅकस्पेस, फक्त तेवढाच निघतो. रुंदी बदलायला डब्ल्यू, पण त्यासाठी बोर्ड सेटअपमध्ये आपल्या रुंद्या आधी भरून ठेवाव्या लागतात. माझ्या यादीत 0.2, 0.3, 0.5 आणि 1 मिमी आहेत.

या आणि अशाच सतत लागणाऱ्या की कीबोर्डवर कुठे आहेत ते बघा. एक्स, व्ही, डब्ल्यू डाव्या हाताखाली. स्लॅश, बॅकस्पेस, लेयर बदलायचे पेज-अप आणि पेज-डाउन, शेवटची वस्तू पुन्हा ठेवायचं इन्सर्ट हे सगळं उजवीकडे. उजवा हात तर माउसवर. मग एकतर माउस सोडायचा, नाहीतर डावा हात पूर्ण कीबोर्ड ओलांडून पलीकडे न्यायचा. दिवसभर राउटिंग केलं की संध्याकाळी माझा उजवा खांदा भरून यायचा, आणि बराच काळ मी दोष खुर्चीला देत होतो.

मॅक्रोपॅड घरीच बनवलं. आरपी2040 चिपचा रास्पबेरी पाय पिको बोर्ड, बारा मेकॅनिकल स्विच आणि एक रोटरी एन्कोडर (खाचाखाचांनी फिरणारी खुंटी). पॅडच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, क्यूएमके; बटणांची कामं बदलायला ब्राउझरमध्ये चालणारं व्हाया नावाचं टूल (आपला राउटिंगचा व्हाया वेगळा, नाव तेवढं सारखं). स्विच आणि डायोड पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले आणि बोर्ड अर्थातच कीकॅडमध्ये काढला. पिकोवर 26 जीपीआयओ (बटणं वगैरे जोडायच्या पिना) मिळतात, त्यामुळे बारा बटणं थेट जोडली तरी चाललं असतं. मी चार ओळी, तीन स्तंभ आणि प्रत्येक स्विचला एक 1एन4148 डायोड असा मॅट्रिक्स (जाळी) केला, सात पिनांत काम झालं. लिनक्सवर ब्राउझरला पॅड दिसत नसेल तर यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना परवानगी देणाऱ्या भागाचा) नियम लिहावा लागतो. माझा पहिला रविवार त्यातच गेला.

पहिल्या महिन्यात मी पॅडवर एक्स, व्ही, एम (हलवणे), आर (फिरवणे) असे सगळ्यात जास्त लागणारे शॉर्टकट ठेवले होते. ते चुकलं. त्यातले बहुतेक डाव्या हाताखाली आधीच आहेत आणि बोटांना पाठ आहेत. एकाच कामाला दोन जागा झाल्या की बोट क्षणभर अडखळतं. शिवाय क्लायंटकडे जाऊन त्यांच्या मशीनवर बसायची वेळ आली की हात पॅड शोधतो. आता माझा नियम ठरलेला आहे: मूळ शॉर्टकट जसेच्या तसे ठेवायचे आणि डाव्या हाताला जे पोहोचत नाही तेवढंच पॅडवर घ्यायचं. स्लॅश, बॅकस्पेस, पेज-अप, पेज-डाउन, इन्सर्ट. एवढ्या पाच बटणांनीच पॅडची किंमत वसूल झाली. खांद्याचं दुखणं दुसऱ्या महिन्यापासून खरोखर कमी झालं.

दुसरी अडचण स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) आणि बोर्ड या दोन एडिटरांची. एकच अक्षर दोन्हीकडे वेगळं काम करतं. एफ बोर्डमध्ये दाबलं तर कंपोनंट खालच्या बाजूला जातो, स्कीमॅटिकमध्ये दाबलं तर फूटप्रिंट (कंपोनंटची बोर्डवरची जागा आणि आकार) नेमायची खिडकी उघडते. व्ही इकडे व्हाया, तिकडे व्हॅल्यू. म्हणून मी पॅडमध्ये दोन थर, म्हणजे बटणांच्या कामांचे दोन संच, केले, एक स्कीमॅटिकचा आणि एक बोर्डचा, आणि थर बदलायला एक बटण दिलं. पण समोर कोणती खिडकी उघडी आहे हे पॅडला कळत नाही. खिडकी बदलायचो आणि थर बदलायचा राहून जायचा. तीन आठवड्यांनी ते काढून टाकलं.

आता उलट केलंय. पॅडचा थर एकच. काही बटणं कंट्रोल-आल्ट आणि एक आकडा एवढंच पाठवतात आणि त्याचा अर्थ कीकॅड ठरवतं, कारण हॉटकीच्या यादीत प्रत्येक एडिटरचा विभाग स्वतंत्र आहे. उदाहरणार्थ, खालचं डावं बटण: स्कीमॅटिकमध्ये ईआरसी (जोडण्यांची तपासणी), बोर्डमध्ये डीआरसी (अंतर, रुंदी अशा नियमांची तपासणी). डोक्यात एकच गोष्ट राहते, 'तपासणीचं बटण'. आकड्यांऐवजी अक्षरं घेणार असाल तर सांभाळून, उबुंटूवर कंट्रोल-आल्ट-टी दाबलं की टर्मिनल उघडतं. ही सगळी मांडणी कीकॅडच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये हॉटकीच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बसते. मी ती पेन ड्राइव्हवर ठेवतो, दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट केली की झालं.

आता मॅक्रो, म्हणजे एका बटणावर बांधलेली अनेक कीची मालिका. याबद्दल कळकळीने सांगतो, कारण इथे माझं मोठं नुकसान होता होता वाचलं. 'मूव्ह एक्झॅक्टली'साठी मी एक बटण बांधलं होतं: शिफ्ट-एम, मग 1.27 (मिलिमीटर धरून), मग एंटर. टेस्ट पॉइंटांची (तपासणीची पिन टेकवायच्या जागांची) ओळ लावायला फार सोयीचं. एके दिवशी कनेक्टरची डेटाशीट बघताना मी युनिट मिलमध्ये (इंचाचा हजारावा भाग) नेलं होतं आणि परत आणायचं राहिलं. बटण दाबलं, टेस्ट पॉइंट जागचा हलल्यासारखा दिसेना. बटण लागलं नसेल असं समजून आणखी दोनदा दाबलं. मग वैतागून हातानेच ओढला आणि पुढे गेलो. ओढताना तो ग्रिडवर बसला असेल असं मी धरून चाललो होतो. रात्री गर्बर, म्हणजे कारखान्याला द्यायच्या फाइली, काढायच्या आधी एका ट्रॅकला बारीकशी खोच दिसली. झूम केलं तर टेस्ट पॉइंट जवळजवळ 0.1 मिमी बाजूला. तीन वेळचे मिळून 3.81 मिल, हिशोब बरोबर जुळला. डीआरसी पूर्ण स्वच्छ होती, कारण नियम कुठेच मोडला नव्हता. टेस्ट जिगच्या (बोर्ड तपासायच्या साच्याच्या) पिना मात्र त्या जागेवर नेमक्या बसल्या नसत्या.

त्यानंतर मॅक्रोत आकड्यापुढे एकक लिहितो. कीकॅडच्या चौकटीत आकड्याला जोडून एमएम लिहिलं की स्क्रीनवर युनिट कोणतंही असो, अर्थ मिलिमीटरच घेतला जातो. आणि खिडकी उघडून त्यात काही भरणारे मॅक्रो आता फक्त दोन उरलेत. मॅक्रो आंधळा असतो, समोर काय चाललंय ते न बघता तो की सोडत जातो.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. मी व्हॉट्सअ‍ॅपवर इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीने लिहितो. तिथून कीकॅडमध्ये आलो आणि कीबोर्डचा लेआउट मराठीच राहिला, तर एक्सच्या जागी अनुस्वार जातो, व्हीच्या जागी न. माझ्या मशीनवर तेव्हा शॉर्टकट काहीच करत नाहीत. पॅडनेही हे सुटत नाही, कारण पॅड अक्षर पाठवत नाही, कीचा क्रमांक पाठवतं, आणि त्याचं अक्षर सिस्टिमच्या लेआउटप्रमाणे ठरतं. उपाय ग्नोमच्या (लिनक्सच्या डेस्कटॉपच्या) सेटिंगमध्ये मिळाला: प्रत्येक खिडकीला स्वतंत्र इनपुट. आता कीकॅडची खिडकी कायम इंग्रजीत असते आणि गप्पांची मराठीत. हे जमेपर्यंत मी मराठीत लिहिणंच टाळायला लागलो होतो, त्याचं वाईट वाटायचं.

एन्कोडर आधी झूमला लावला होता, पण माउसचं चाक तेच करतं. मग अनडू-रीडूला लावला, तर एक खाच जास्त फिरली की कुठवर मागे गेलो ते कळेना. आता तो ट्रॅकच्या रुंदीला आहे, उजवीकडे डब्ल्यू, डावीकडे शिफ्ट-डब्ल्यू, आणि तिथे तो छान रुळलाय.

सहाव्या महिन्यात बॅकस्पेसचा स्विच बिघडला. एकदा दाबलं की ट्रॅकचे दोन तुकडे निघायला लागले. फर्मवेअरमध्ये डीबाउन्स, म्हणजे स्विचची थरथर दुर्लक्षित करायचा वेळ, 5 मिलिसेकंदांवरून 10 केला, तेवढ्याने आठवडाभर बरं चाललं आणि पुन्हा तेच. सॉकेट लावून ठेवले होते म्हणून स्विच ओढून काढला आणि नवा बसवला, सोल्डरिंग गनला हातही लावावा लागला नाही. पॅड बनवणार असाल तर स्विच थेट सोल्डर करू नका, सॉकेटचे थोडे पैसे जास्त जाऊ द्या. सगळ्यात जास्त मार बॅकस्पेसलाच बसतो, त्याचे दोन स्विच मी ड्रॉवरमध्ये जादा आणून ठेवलेत.