सायलेन्सरचा सांधा हवा सोडतोय: रिंग, पेस्ट, वेल्डिंग की नवा सायलेन्सर?

थंड गाडी सुरू केली की टक-टक, इंजिन तापलं की तोच आवाज कमी, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके. ही लक्षणं एकत्र आली की सायलेन्सरचा कुठला तरी सांधा हवा सोडतोय हे जवळपास पक्कं. गॅरेजमध्ये यावर चार उत्तरं मिळतात: रिंग बदला, पेस्ट भरा, वेल्डिंग मारा, नवा टाका. चारही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या जागेच्या गळतीसाठी. गळती नेमकी कुठे आहे ते न बघता खिशाकडे बघून उपाय निवडला, की तेच काम दोन महिन्यांनी पुन्हा निघतं.

पुढचं सगळं १०० ते २०० सीसीच्या, एका सिलिंडरच्या गाड्या समोर ठेवून लिहिलं आहे. जुनी बुलेट, येझदी वगैरेंचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी जागा शोधा

तपासणी थंड इंजिनवर आणि उघड्यावर करायची. बंद पार्किंगमध्ये नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टॉर्च मारून काजळी शोधा. हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून निघणारी वाकवलेली नळी, जिथे बसतो तिथे, बेंड मफलरमध्ये (मागच्या जाड नळकांड्यात) शिरतो त्या क्लॅम्पपाशी, वेल्डिंगच्या रेषांवर आणि मफलरच्या पोटाखाली. काळा, कोरडा फराटा दिसला तर तीच जागा. नाही दिसला तर सांध्यांवर साबणाचं पाणी मारून गाडी सुरू करा आणि दुसऱ्या माणसाला जाड हातमोजा घालून, फडक्याची जाड घडी मागच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबायला सांगा. आतला दाब वाढतो आणि फटीतून बुडबुडे येतात. हे पहिल्या मिनिटात उरका. नंतर पाणी उडून जातं आणि धातू फुगून फट बुजते. सकाळी घरी आवाज करणारी गाडी दुपारी मेकॅनिकपुढे गप्प बसते ती यामुळेच.

या टक-टकीला हमखास टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या गॅपचा, आवाज समजलं जातं. मग गॅप कमी केला जातो, आवाज तसाच राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र नीट न बसता जळायला लागतो. फरक ओळखणं सोपं आहे. सांध्याचा आवाज इंजिनवर भार आला, म्हणजे चढाला किंवा डबलसीट असताना, वाढतो. टॅपेटचा आवाज भाराने फारसा बदलत नाही, इंजिनच्या वेगाबरोबर चालतो.

मफलरच्या खालच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचं गोल, नेटकं भोक असेल तर ती गळती नव्हे. आत साठणारं पाणी निघून जायला कंपनीनेच ते ठेवलेलं असतं. ते बुजवलं की मफलर आतून कुजतो.

आणि फटाके आहेत पण गळती कुठेच सापडत नाही, तर सायलेन्सरला हात लावू नका. कार्ब्युरेटरचं आयडल मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालेलं असेल, किंवा एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हची रीड (आतली पातळ पत्ती) खराब असेल.

हेडचा सांधा: रिंगला पर्याय नाही

बहुतेक गळत्या इथल्याच. पोर्ट (हेडमधलं धूर बाहेर सोडणारं भोक) आणि बेंड यांच्यामध्ये एक रिंग असते, गॅरेजच्या भाषेत सायलेन्सर पॅकिंग. तांब्याचा किंवा पातळ पत्र्याचा पोकळ गोल, आत तापमान सोसणारा भराव. नट आवळले की ती चेपते आणि फट भरते. एकदा चेपलेली रिंग परत फुगत नाही, त्यामुळे बेंड खोलला की रिंग नवीनच हवी. बहुतेक साध्या गाड्यांची रिंग शंभराच्या नोटेत येते. जुनीच रिंग सिलिकॉन लावून परत बसवणारा मेकॅनिक तुमचे पैसे वाचवत नाहीये.

आधी नुसते नट आवळून बघायला हरकत नाही. लहान गाड्यांत स्टड (हेडमध्ये बसवलेला, नट चढवायचा आट्यांचा दांडा) सहसा एम-६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, असतो आणि नट १० नंबरचा. त्याला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे आखूड पान्याने मनगटाचा जोर. एम-८ असेल तर २० ते २५. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आवळून आवाज गेला तर उत्तम. आठवड्यात परत आला तर रिंग संपली आहे, आणखी आवळण्यात अर्थ नाही.

रिंग बदलताना घात होतो तो स्टडवर. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड, वर्षानुवर्षं तापणं-थंडावणं, त्यात पावसाचं पाणी. रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी पुन्हा एकदा. नट थेट सोडवू नका. आधी केसभर आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडा, पाव फेरा पुढे, थोडा मागे, असं करत आणा. नटाबरोबर स्टडच बाहेर आला तर घाबरू नका, ते उलट बरंच झालं, नवा स्टड घाला. तुटलाच आणि थोडा वर राहिला असेल तर त्यावर नट वेल्ड करून तो गरम असतानाच फिरवायचा. पृष्ठभागाशी सपाट तुटला तर लेथवाल्याकडे जा. हँड ड्रिलने केलेला प्रयत्न मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतो आणि भोक वाकडं होतं.

आटे गेले तर दोन वाटा आहेत. एम-६ ला ६.३ मिलिमीटरचं ड्रिल मारून, त्याच्या खास टॅपने आटे पाडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणं, किंवा ६.८ चं ड्रिल मारून थेट एम-८ चे आटे पाडणं. दुसरा मार्ग स्वस्त आणि जास्त चालतो, पण फ्लॅन्जचं (बेंड हेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीचं) भोक मोठं करावं लागतं, हेडमधलं धातूही कमी होतं, आणि पुढच्या वेळी सुधारायला जागा उरत नाही. निवड असेल तर हेलिकॉइलच.

बेंड निघाल्यावर पोर्टमध्ये बोट घालून बघा (इंजिन थंड असताना). जुनी रिंग चेपून इतकी चिकटलेली असते की ती हेडचाच भाग वाटते. तिच्यावर नवी बसवली तर दोन रिंगा होतात, बेंड तिरपा बसतो, आणि नवीन पॅकिंग टाकूनही गळतंय ही तक्रार तयार होते. टोक वाकवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने ती हळूच उचकटा, ॲल्युमिनियमला चरा पडू देऊ नका. नव्या रिंगला बोटभर ग्रीस लावून ती पोर्टमध्ये चिकटवा, म्हणजे बेंड चढवताना खाली पडणार नाही. सुरुवातीला थोडा धूर येईल, तो या ग्रीसचाच. फ्लॅन्जमध्ये दोन अर्धगोल कॉलर असतील तर ते बेंडच्या कडेवर नीट बसलेत ना ते बघा. फ्लॅन्जचे कान हेडकडे वाकले असतील तर ऐरणीवर सरळ करून घ्या. टोपी नट असतील तर आणखी एक तपासा: स्टड लांब असेल तर नट टोपीच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण रिंग चेपलेलीच नसते.

आता क्रम. सगळं आधी सैल जोडायचं: हेडचे नट हाताने, क्लॅम्प सैल, मागचा माउंटिंग बोल्ट सैल. मग हेडचे दोन नट आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा, फ्लॅन्ज आणि हेडमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहील असे. मग क्लॅम्प. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. तो आधी आवळला की सायलेन्सर मागे ओढून धरतो, हेडच्या रिंगवर कायम ताण राहतो आणि पंधरा दिवसांत सांधा पुन्हा सुटतो. मागच्या माउंटिंगचा रबरी बुश फाटला असेल तर तोही आत्ताच बदला. बेंडला तडे जातात त्यामागे बऱ्याचदा हा बुशच असतो. स्टडच्या आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावली तर पुढची खोलाई सुखाची होते. मात्र आटे निसरडे झाल्यामुळे तोच जोर जास्त आवळतो, तेव्हा हात थोडा आखडता. ५०-१०० किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, एकदा नट तपासा.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये बेंड पोर्टमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो, तिथे ही रिंग-फ्लॅन्जची भानगड नाही. येझदी-जावामध्ये मोठा, पंख असलेला आट्यांचा नट असतो. तो छिन्नी-हातोडीने ठोकू नका, हुक पानाच वापरा. ते आटे झिजले की खर्च मोठा.

पेस्ट आणि पट्टी: फक्त मागच्या सांध्याला

बेंड मफलरमध्ये सरकवून क्लॅम्पने आवळलेला असतो, तिथे एक्झॉस्ट पेस्ट चांगलं काम करते. तिथेही मूळची ग्राफाइटची स्लीव्ह बाजारात मिळत असेल तर पहिली पसंती तिला. पेस्ट कडक होऊन बसते, पुढे मफलर काढताना हातोडी लागते. लावण्याआधी दोन्ही तोंडं एमरी पेपरने उजळ करा आणि पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. पेट्रोल पूर्ण उडेपर्यंत थांबा. टू-स्ट्रोकच्या सांध्यावर तेलाचा काळा चिकटा असतो, तो न काढता लावलेली पेस्ट एका दिवसात पापडासारखी सुटते. लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या, मग दहा मिनिटं आयडलवर तापवा. थेट हायवेला नेली की आतलं पाणी उकळून पेस्टला भोकं पडतात.

हेडच्या सांध्याला पेस्ट रिंगच्या जागी चालत नाही. तिथे प्रत्येक स्फोटाचा दाब थेट येतो आणि बेंडचा पृष्ठभाग सहज ३०० अंशांच्या पुढे जातो. लाल सिलिकॉनची मर्यादा साधारण तिथेच संपते. वर ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) असलेल्या गाडीत साध्या सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर खराब होतो. दोन कांड्या मळून लावायचं एपॉक्सी सायलेन्सरवर कुठेच लावू नका.

ताम्हिणी घाटाच्या मध्यात क्लॅम्पचा सांधा सुटला तर शीतपेयाच्या कॅनची पट्टी कापून दोन वेढे द्या आणि वर वर्म क्लॅम्प आवळा. घरापर्यंत पोचता येतं. हेडजवळ हा जुगाड करू नका, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं.

वेल्डिंग: तडा असेल तरच

सांधा आणि तडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेंडच्या वळणावर, फ्लॅन्जच्या कॉलरपाशी किंवा ब्रॅकेटच्या मुळाशी रेष दिसत असेल तर वेल्डिंग हा खरा उपाय. रिंगमधून गळतंय म्हणून बेंड हेडला वेल्ड करता येत नाही, हे सांगायला नको.

गॅसवर पितळेची झाळ मारणं स्वस्त, गावोगावी होतं आणि मफलरच्या पत्र्याला पुरेसं टिकतं. हेडजवळच्या बेंडला मात्र सीओटू किंवा आर्गॉन वेल्डिंग बरं. स्टेनलेस बेंडला आर्गॉन आणि स्टेनलेसचीच फिलर रॉड लागते. क्रोमचा थर वेल्डिंगच्या आधी घासून काढायला सांगा, त्याचा धूर विषारी असतो. काही गाड्यांचा बेंड दुहेरी असतो, बाहेर चकचकीत नळी आणि आत खरी. आतली फुटली असेल तर बाहेरून कितीही वेल्ड मारा, आवाज जात नाही. पाइप गाडीवरून काढूनच वेल्ड करून घ्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर जागेवर वेल्डिंग केलं तर ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) धोका असतो. ऑक्सिजन सेन्सरही आधी काढून ठेवा. वेल्डनंतर फ्लॅन्जकडचं तोंड काचेवर ठेवून बघा. उष्णतेने ते वाकलेलं असतं, कानस मारून सपाट केल्याशिवाय नवी रिंगही गळेल.

पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर आत जात असेल तर वेल्डिंगचे पैसे वाया. आज इथे भरलं तर उद्या दोन इंच पुढे फुटतं.

नवा घेण्याआधी

बऱ्याच साध्या गाड्यांत बेंड आणि मफलर एकसंध येतात, नुसता बेंड मिळत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) त्यातच असल्यामुळे मूळ भागाची किंमत काही हजारांवर जाते. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या सायलेन्सरमध्ये कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे पीयूसीत अडकण्याची शक्यता असते. आवाज मोठा असेल तर दंड वेगळा. पुणे-कोल्हापुरात पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

म्हणून बीएस-६ गाडीच्या मालकाने रिंगेची गळती लवकर मनावर घ्यावी. सेन्सरच्या आधी फट असली की एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, मायलेज पडतं आणि जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो. शंभराच्या रिंगेपायी हजारांचा भाग जातो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला ही भीती नाही, तिथे नुसता मागचा सांधा फुसफुसत असेल तर पेस्ट लावून वर्ष काढलं तरी चालतं.

वर्षभरात विकायची गाडी असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर रिंग आणि लागलंच तर एक वेल्ड, त्यापुढे खर्च करू नका. पत्रा कुजलेला आणि गाडी अजून पाच वर्षं वापरायची असेल तर मूळ सायलेन्सर घ्या. त्याच्याबरोबर रिंग, दोन्ही नट आणि मागचा रबरी बुश नवेच मागा. नव्या सायलेन्सरच्या खोक्यात ते येतीलच असं नाही, आणि दुकान बंद झाल्यावर ते कळतं.